शेवटच्याची गती

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हीरकमहोत्सवाच्या सभेत शाळेच्या यशाचे दाखले दिले जातात. निकालाची टक्केवारी, गुणवत्ता यादीत झळकलेली नावे, देशोदेशी पोहोचलेले विद्यार्थी यांची गणती अशा वेळी होते, आणि ती होणे योग्यच आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र एक फसलेला प्रवास आहे. याच शाळेच्या एका तुकडीत शिकलेल्या चौघांनी तो केला. त्या चौघांच्या संमतीने, आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची नावे न घेता, तो येथे मांडला जात आहे.

चौघेही आता पन्नाशीच्या आसपास आहेत. एक रस्तेबांधणीचा ठेकेदार, दुसरा बँकेतील अधिकारी, तिसरा महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि चौथी भूलतज्ज्ञ डॉक्टर. फाटकाबाहेर हिंदी आणि फाटकाच्या आत मराठी अशा दुहेरी जगात वाढलेल्या मुलांची मैत्री बहुधा घट्टच होते; या चौघांचीही झाली. तिचा पाया शाळेच्या डोंगरसहलींत होता. नववीच्या मुलांना सुटीत डोंगरात घेऊन जाणारे क्रीडाशिक्षक त्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असतील. त्यांचा नियम एकच होता : रांगेची गती ही शेवटच्या मुलाची गती. पुढच्यांनी कितीही घाई केली तरी सर स्वतः सर्वांत मागे चालत आणि प्रत्येक वळणावर डोकी मोजत. मोजणी पुरी झाल्यावाचून पुढचे वळण नाही. त्या वेळी रांगेत सर्वांत मागे राहणारा मुलगा म्हणजे आजचा बँक अधिकारी. त्याला धाप लागत असे, आणि बाकीचे तिघे त्याची थट्टा करीत.

चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात हे चौघे दोन गाड्या घेऊन स्पितीला निघाले. ठेकेदाराची डिझेलवर चालणारी नवी फोर बाय फोर आणि प्राध्यापकाची जुनी, पेट्रोलवरची जिप्सी. मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरणारा मार्ग हिवाळ्यात बंद असतो. २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने लाहौलला बारमाही वाट दिली. कुंझुमचे बर्फ मात्र आहे तेथेच आहे. म्हणून हिवाळ्यात स्पितीला जाणारा माणूस सिमला, रामपूर आणि किन्नौर या वाटेने जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी आखलेला हा हिंदुस्थान–तिबेट मार्ग. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तेथून झाडे विरळ होत होत दिसेनाशी होतात. सुमारे ३,६०० मीटर उंचीवरचे नाको, त्यानंतर इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ, आणि मग काझा. डॉक्टरबाईंच्या आग्रहाने चौघांनी नाको व ताबो येथे मुक्काम केले. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी, हा हेतू. सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून त्या प्रत्येकाच्या रक्तातील प्राणवायूची नोंद वहीत करीत. सपाटीवर ९८ दाखवणारा आकडा काझाच्या वर ८५ च्या आसपास स्थिरावला होता. त्या उंचीला हे स्वाभाविकच. या वहीचे महत्त्व पुढे येईल.

बर्फात गाडी चालवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ठेकेदाराने तिचा अभ्यास मनापासून केला होता. सपाटीवर टायरमध्ये तीस पीएसआयच्या आसपास असणारी हवा बर्फात पंधरापर्यंत उतरवतात. हवा कमी झाली की टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि गाडीचा तोच भार अधिक जागेवर विभागला जातो. उंटाच्या पावलाचे वाळूत जे काम, तेच पसरट टायरचे बर्फात. कठीण गोठलेल्या रस्त्यावर मात्र या पसरटपणाचा उपयोग नाही. तेथे चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखे गोठते, आणि शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ अतिथंड बर्फापेक्षाही अधिक निसरडा असतो. म्हणून ऊन चढू लागल्यावर सावलीतील वळणे फसवी होतात. ब्रेकवर पाय दाबला की चाके थांबतात, गाडी थांबत नाही. वेग उतरवायचा तो खालच्या गिअरने. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेणासारखे घटक गोठून इंधनाची नळी तुंबते, म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. हे सर्व ठेकेदाराला मुखोद्गत होते.

परंतु या विद्येला एक मर्यादा आहे आणि ती गाडीच्या पोटाशी असते. जमीन आणि गाडीचे पोट यांच्यामध्ये वीत-दीड वीत अंतर असते. बर्फ त्याहून खोल झाला की गाडी पोटावर टेकते आणि चाके अधांतरी फिरत राहतात. मग चारही चाकांना ताकद असून उपयोग काय? उरते ते फावडे. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे एक घनमीटर सुमारे शंभर किलो भरते. तोच बर्फ दबून बसला की तिनशे किलोपर्यंत जातो. दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल एवढीच वाट उपसायची म्हटली तर एक ते तीन टन बर्फ हलवावा लागतो. तोही चार हजार मीटर उंचीवर, जेथे बुटाची नाडी बांधतानाही दम लागतो.

काझाच्या मुक्कामात, बुखारीभोवती बसलेले असताना, ठेकेदाराने मित्रांना झोजीलाची कथा सांगितली. १९४८ च्या शरद ऋतूत झोजीला खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि लेहची वाट तुटली होती. सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या त्या खिंडीत सप्टेंबरमध्ये पायदळाचे हल्ले अयशस्वी झाले. तेव्हा जनरल थिमय्या यांनी रणगाडे वर चढवण्याचे ठरवले. वाटेतील पूल दुबळे होते, शिवाय शत्रूला सुगावा लागू द्यायचा नव्हता. म्हणून सातव्या लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांचे बुरूज उतरवून ते काश्मीरमध्ये आणले गेले. बर्फवृष्टीमुळे हल्ला लांबणीवर पडला. अखेर १ नोव्हेंबर रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली रणगाडे खिंडीत शिरले, स्वतः थिमय्या आघाडीच्या रणगाड्यात होते, आणि खिंड मोकळी झाली. ही कथा सांगताना ठेकेदाराचे डोळे चमकत होते. “इच्छा असेल तर चाक कुठेही जाते,” असे तो म्हणाला.

प्राध्यापकाने त्या वेळी एक प्रश्न विचारला : “रणगाड्यांच्या आधी तिथे कोण गेलं होतं?” उत्तर ठेकेदारालाही ठाऊक होते. बालतालपासून वर जाणारी खेचरांची पायवाट रणगाड्यांपुरती रुंद करण्याचे काम सैन्याच्या अभियंत्यांनी, मद्रास सॅपर्सच्या जवानांनी, शत्रूच्या माऱ्याखाली आधी केले होते. फावडे पुढे गेले, मग चाक गेले. हिमालयातील प्रत्येक रस्त्याचा क्रम हाच आहे. १९६० मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली तेव्हापासून दर वसंतात झोजीलावर बर्फाच्या भिंती कापल्या जातात, तेव्हाही यंत्रे आणि माणसे प्रथम, प्रवासी नंतर. बोगदा होण्यापूर्वी हिवाळ्यात रोहतांग पायी ओलांडणाऱ्या लाहौली माणसांसाठी मढी व कोकसर येथे बचाव चौक्या उघडल्या जात. डोंगरातील माणूस बर्फात एकटा निघत नाही आणि वाट विचारल्यावाचून पुढे जात नाही. त्या रात्री चौघांनाही हे पटले होते. पटलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी काझाहून लोसरच्या दिशेने ते निघाले. कुंझुमच्या पायथ्याचे हे गाव सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. वाटेतील एका गावापर्यंत यंत्राने रस्ता मोकळा केलेला होता. पुढे चार दिवसांपूर्वीचा बर्फ तसाच होता. गावाच्या शेवटच्या घराच्या गच्चीवर एक वृद्धा बर्फ लोटत होती. ठेकेदाराने काच खाली करून हात हलवला आणि गाडी पुढे काढली. वाट कशी आहे हे तिला कोणी विचारले नाही.

पहिला किलोमीटर सुखाने पार पडला. दुसऱ्या किलोमीटरला बर्फ गुडघाभर झाला. बँक अधिकारी मागच्या जिप्सीत होता. तो उतरून चालत पुढच्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, “बस झालं. इथून वळू या.” ठेकेदार हसला. “त्या वळणापर्यंत जाऊ. तिथे गाडी फिरवायला जागा आहे.” डॉक्टरबाई काही बोलल्या नाहीत. प्राध्यापकही बोलला नाही. आजही त्या दिवसाचा विषय निघाला की ठेकेदाराच्या हसण्यापेक्षा आपल्या मौनाची खंत या दोघांना अधिक वाटते.

वळणाच्या थोडे अलीकडे पुढची गाडी पोटावर टेकली. तिला वळसा घालून ओढण्याच्या प्रयत्नात जिप्सीचे मागचे चाक डोंगराकडच्या गटारात उतरले. दुपारचे दोन वाजले होते. फावडी निघाली. ठेकेदाराने आधी चाकांभोवतीचा बर्फ काढला, पण पोटाखालचा तसाच राहिल्याने गाडी हलेना. उपसलेला बर्फ तो चढाच्या बाजूला टाकत होता, आणि तो घसरून पुन्हा खाली येत होता. चार वाजता बँक अधिकारी दुसऱ्यांदा बोलला : “उजेड आहे तोवर चालत गावात जाऊ. दोन किलोमीटर तर आहे.” ठेकेदाराने आणखी अर्धा तास मागितला. त्या अर्ध्या तासात ढग खाली आले आणि हिमवृष्टी सुरू झाली. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात मार्चमध्येही या खोऱ्यात बर्फ टाकतात. पाहता पाहता रस्ता, दरी आणि आकाश एकाच रंगाचे झाले. परतीच्या वाटेत हिमकडा कोसळण्याजोगा एक उतार होता. आता चालत जाणे गाडीत राहण्याहून अधिक धोक्याचे होते. मोबाइलला संपर्क नव्हता.

रात्रीची व्यवस्था डॉक्टरबाईंनी लावली. दोन गाड्या, प्रत्येकीत दोघे. तासातून दहा मिनिटेच इंजिन चालवायचे. त्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढायचा. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. यामागचे कारण प्रत्येकाला माहीत होते. प्राध्यापक तर ते दरवर्षी वर्गात शिकवीत असे. इंधन अपुरे जळाले की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की हा वायू गाडीच्या तळाशी साचतो आणि फटींतून आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे एका रात्रीत दगावली. त्या मृत्यूंमागे थंडीबरोबर हा वायूही एक कारण असल्याचे मानले गेले.

बाराच्या सुमारास जिप्सीतील दोघांनी इंजिन सुरू केले. काचेच्या फटीतून बर्फाचे कण आत येत होते म्हणून काच क्षणभर वर घेतली. दिवसभराच्या श्रमाने दोघेही गळाले होते. हीटरची ऊब लागली आणि डोळे मिटले.

डॉक्टरबाईंना पुढच्या गाडीत झोप येत नव्हती. जिप्सीचे इंजिन दहा मिनिटांनंतरही बंद झाले नाही हे त्यांच्या ध्यानात आले. बॅटरी डोक्याला बांधून, दोरी धरून त्या मागे गेल्या. काच ठोठावली. प्राध्यापकाने दार उघडले, पण त्याचे शब्द अडखळत होते. बँक अधिकाऱ्याने ओकारी केली होती; डोके फुटते आहे असे तो पुटपुटत होता. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही विरळ हवेच्या आजाराचीच लक्षणे, आणि ती दिवसभर चौघांनाही थोडीबहुत होतीच. त्यांनी सवयीने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९५.

दुसरे कोणी असते तर निर्धास्त झाले असते. डॉक्टरबाईंच्या वहीत त्या संध्याकाळी त्याच माणसाचा आकडा ८४ होता. चार हजार मीटरवर, गुंगीत असलेल्या माणसाच्या रक्तात अचानक इतका प्राणवायू येणार कोठून? हे साधे यंत्र रक्ताचा रंग पाहून अंदाज बांधते, आणि कार्बन मोनॉक्साईडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच लाल दिसते. आकडा चांगला होता, म्हणूनच तो खोटा होता. त्यांनी हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केले, दोन्ही दारे उघडली आणि ठेकेदाराला हाक मारली. मागे जाऊन पाहिले तो सायलेन्सरच्या जागी बर्फाचा गुळगुळीत उंचवटा होता.

दोघांना ओढत पुढच्या गाडीत आणले. उंचीसाठी म्हणून बरोबर घेतलेला प्राणवायूचा छोटा सिलिंडर एकच होता. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर सुमारे दीड तास. सिलिंडर दोघांना पुरणारा नव्हता. मुखवटा कोणाला लावायचा? शस्त्रक्रियागृहात असे निर्णय डॉक्टरबाईंनी अनेकदा घेतले होते. वर्गमित्रांच्या बाबतीत प्रथमच घेतला. बँक अधिकाऱ्याची अवस्था अधिक वाईट होती, मुखवटा त्याला लागला. प्राध्यापकाला उघड्या काचेपाशी बसवून, झोपू न देता, ठेकेदार रात्रभर बोलता ठेवीत होता. काय बोलावे हे सुचेना, तेव्हा त्याने दहावीच्या तुकडीची हजेरी म्हणायला लावली. पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. इंजिन नंतर एकदाही सुरू केले नाही. चौघे एका गाडीत, असतील नसतील ती पांघरुणे ओढून, उजाडण्याची वाट पाहत बसले.

उजाडताच माणसे आली. सात जण होते, तीन स्त्रिया आणि चार पुरुष. रुंद फाळाची लाकडी फावडी त्यांच्या खांद्यावर होती. आदल्या दिवशी गच्चीवर दिसलेल्या वृद्धेने दोन गाड्या वर जाताना पाहिल्या होत्या आणि एकही खाली येताना पाहिली नव्हती. तिने रात्रीच गावाला सांगितले. रात्री तो उतार ओलांडणे जिवावरचे, म्हणून ती माणसे पहाटेपर्यंत थांबली आणि थंडीने बर्फ घट्ट असतानाच निघाली. पुढे असलेल्या वयस्कर गृहस्थांनी काचेतून आत पाहिले आणि हिंदीतून एवढेच विचारले, “किती जण आहात?” चार, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी प्रत्येक चेहऱ्याकडे बोट करीत पुन्हा मोजले. मग म्हणाले, “चला.”

ठेकेदार सांगतो, की त्या मोजणीने त्याला रडू कोसळले.

यंत्र येऊन गाड्या निघेपर्यंत चौघे दोन दिवस त्या वृद्धेच्या घरी राहिले. मातीच्या भिंती, मध्ये बुखारी, वर वाळत घातलेले कपडे, लोणी घातलेला खारट चहा आणि थुक्पा. बँक अधिकारी दुसऱ्या दिवशी बोलता झाला. बुखारीपाशी बसून तो ठेकेदाराला म्हणाला, “शाळेत मी मागे राहायचो तेव्हा सर थांबायचे. तुम्ही थांबला नाहीत.” त्याने आवाज चढवला नाही. कोणी उत्तरही दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार गच्चीवर गेला. रात्री पडलेला बर्फ वेळीच लोटला नाही तर त्याच्या भाराने आणि पाझरणाऱ्या पाण्याने मातीचे छत खचते, हे त्याला तेथे कळले. हेही कळले, की त्या सकाळी सात माणसे बर्फात गेली तेव्हा सात घरांच्या गच्च्या आणि गुरांच्या पाण्याची वाट दुपारपर्यंत तशीच राहिली होती. त्याने दिवसभर फावडे चालवले. वृद्धेने त्याच्या हातातील फावडे दोनदा काढून घेऊन ते कसे धरायचे आणि बर्फ उताराच्या बाजूलाच का टाकायचा, हे दाखवले. तीस वर्षे रस्ते बांधणाऱ्या माणसाने ते मान खाली घालून शिकून घेतले. निघताना त्याने पैसे पुढे केले. तिने ते घेतले नाहीत. पुन्हा येताना वाटेत विचारून पुढे जा, एवढे सांगितले.

मैत्री लगेच पूर्ववत झाली असे नाही. बँक अधिकाऱ्याने जवळजवळ वर्षभर ठेकेदाराचा फोन घेतला नाही. मग एके दिवशी चौघे डॉक्टरबाईंच्या घरी जमले आणि त्यांनी एका कागदावर करार लिहिला. कोणीही एकाने ‘बस’ म्हटले की दोन्ही गाड्या थांबतील. कारण तिथे विचारायचे नाही, मुक्कामाला पोहोचल्यावर विचारायचे. सर्वांत सावध माणसाची गाडी पुढे राहील. शेवटच्या गावात थांबून वाट विचारल्यावाचून पुढे जायचे नाही, आणि परत केव्हा येणार हे तेथे सांगून जायचे. थांबलेल्या गाडीत इंजिन सुरू ठेवून कोणी झोपणार नाही.

पालकांपैकी अनेकांची मुले आज गाड्या घेऊन डोंगरांकडे धाव घेतात. त्यांना अडवून ती अडणार नाहीत, आणि अडवूही नये. हिमालय पाहण्याची ओढ ही चांगलीच ओढ आहे. गाडीत फावडे, दोरी आणि पांघरुणे आहेत का, हे जरूर विचारावे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : तुमच्यातील सर्वांत भित्रा कोण, आणि त्याचे तुम्ही ऐकता का?

दोन वर्षांनी, मार्चमध्येच, तेच चौघे त्याच वाटेने गेले. या वेळी जिप्सी पुढे होती आणि ती बँक अधिकारी चालवत होता. गावात थांबून वृद्धेच्या घरी चहा झाला, वाट विचारली गेली. आकाश निरभ्र होते. रस्ता मोकळा केलेला होता, फक्त कडांना बर्फाच्या भिंती होत्या. गेल्या वेळच्या वळणाच्या थोडे अलीकडे त्याने गाडी थांबवली, काचेतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, “बस.”

मागच्या गाडीने रिव्हर्स गिअर टाकला. कोणी काही विचारले नाही. वळणापलीकडच्या उतारावर ताजा बर्फ होता आणि त्यावर दुपारचे ऊन पडले होते, हे कारण त्याने संध्याकाळी काझाला सांगितले. त्या दिवशी त्या उतारावर काही अघटित घडल्याचे कोणाच्या कानावर आले नाही. चौघे कदाचित सुखरूप लोसरला पोहोचलेही असते. लोसर त्यांनी अद्याप पाहिलेले नाही.

परतीच्या वाटेवर गावापाशी गच्चीवरून एक हात वर झाला आणि बोटांनी दोन गाड्या मोजून खाली गेला.

हीरकमहोत्सवी वर्षात शाळेच्या कमाईची मोजणी होईल, तेव्हा या चौघांचीही डोकी त्यात मोजली जावीत, अशी विनंती करून हे भाषण येथे पूर्ण होते.